ग्रहणासाठी कापलेला एक्स-रे

मित्रांनो, हैदराबादेत जामबागच्या एका दवाखान्यातली मी जुनी दिव्याची पेटी. माझ्या पांढऱ्या काचेवर एक्स-रेची फिल्म लावायची, बटण दाबायचं, की माणसाच्या आतलं सगळं दिसतं. मला भिंतीवर बसवलं तेव्हा डॉक्टर सारंग कौतुकानं म्हणाले होते, "हा माझा तिसरा डोळा!"

पुढे परदेशी माल यायला दरवाजे उघडले आणि शेजारच्या खोलीत सीटी स्कॅनची मशीन आली. मशीन कसली, सवतच ती! तिला झेंडूचा हार, तिच्यासाठी एसी. माझी नळी लुकलुकत होती, ती बदलायला कुणाला सवड नव्हती. बरं, तिच्या फिल्म बघायला मीच लागायची, वाहवा मात्र तिची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एके दिवशी केशवराव आपल्या बायकोला, भामाबाईंना घेऊन आले. त्यांच्या स्तनात कॅन्सरची गाठ होती. सवतीनं छातीची फिल्म काढली, तर उजव्या फुफ्फुसात एक ठिपका दिसला.

"आजार इथवर पसरला असेल, तर ऑपरेशनचा उपयोग नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "छातीचा जुना एक्स-रे आहे का?"

"होता डॉक्टरसाब. लग्नानंतर हिला टीबी झाला, तेव्हाचा. पन हिनं दिवाळीच्या ग्रहणात कापला!"

"हौ, मीच कापले," भामाबाई रडवेल्या झाल्या. "सूर्य बघायला गल्लीत सगळ्यांना तुकडे वाटले. मला काय माहीत?"

केशवराव घरोघर फिरले. दुसऱ्या दिवशी तुकडे घेऊन आले, पण नेमका उजवीकडचा नव्हता. मी मनात म्हणत होते, देवा, सापडू दे, त्या सवतीचा तोरा उतरू दे! तेवढ्यात शेजारच्या मालनबाई धापा टाकत आल्या. "हा घ्या. पुढच्या ग्रहणाला म्हणून लुगड्याच्या घडीत ठेवलता."

डॉक्टरांनी तुकडे माझ्यावर जुळवले, शेजारी नवी फिल्म लावली. ठिपका तिथेच होता, तेवढाच होता.

"इतक्या वर्षांत वाढला नाही. टीबीचा जुना व्रण आहे हा," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करू या."

केशवराव स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

भामाबाई बऱ्या होऊन पेढे घेऊन आल्या. पेढा ठेवला कुणापुढे? त्या मशीनपुढे! मी जळून खाक झाले.

मित्रांनो, फिल्ममधून सूर्य बघू नका, डोळे जातात. आणि जुनी फिल्म कधी कापू नका. भामाबाई त्या दिवशी आपली नवी फिल्म पदराखाली धरून निघाल्या. सवतीचीच होती ती. तरी मी मनातल्या मनात हात जोडले: बाई, हिला जपा हो. उद्या हीच जुनी होईल.