चार नंबरचा गंज

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. पण लगेच स्टेशनावरचं अगडबंब धूड डोळ्यांसमोर आणू नका. मी जेमतेम तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा. साखर कारखान्यात उसाच्या वाघिणी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाची मी हुबेहूब प्रतिकृती. आता खरं सांगूनच टाकतो, माझ्या पोटात वाफ नाही, विजेची मोटर आहे. हसू नका! रुळांवर धावायला लागलो की ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हैदराबादेत नारायणगुड्याच्या एका खेळण्यांच्या दुकानात काचेमागे मी कित्येक वर्षं काढली. अंगावर पोपटी रंग आणि त्यावर पिवळे पट्टे. कारखान्याच्या इंजिनाला कुणी असं नटवतं का? पण माझं ऐकतो कोण! पोरं काचेला नाक लावून बघत बसायची, आया त्यांना ओढून न्यायच्या. पुढे मोटर बिघडली आणि दुकानदाराने मला मागच्या फळीवर सरकवलं. तिथे धूळ आणि मी, दोघंच.

एक दिवस बँकेतून घरी निघालेली त्रिवेणी दुकानात शिरली. भाचीसाठी बाहुली घ्यायला आली होती, पण मला बघून जागच्या जागी थबकली.

“कायकू लेरे मॅडम? चलताच नहीं वो,” दुकानदार म्हणाला.

“चलाऊंगी मैं,” त्रिवेणी म्हणाली, आणि बाहुली विसरून मला घेऊन बरकतपुऱ्याला घरी आली. त्या दिवशी मला झालेला आनंद काय सांगू तुम्हाला!

माझ्यावर तिचा जीव का जडला, ते मला घरी कळलं. तिचे बाबा नामदेवराव पूर्वी निजामाबादकडच्या एका साखर कारखान्यात इंजिन चालवायचे. त्यांच्या इंजिनाला सगळे ‘चार नंबर’ म्हणत. त्रिवेणी शाळेत असताना कारखाना बंद पडला, बिऱ्हाड हैदराबादला आलं, आणि नामदेवरावांनी त्या दिवसांबद्दल तोंड मिटलं ते मिटलंच. कुणी विषय काढला की ते उठून गॅलरीत जायचे. मला ‘चार नंबर’ करून समोर ठेवलं तर बाबा बोलतील, अशी त्रिवेणीला आशा होती. तेवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

मग काय, रविवारमागून रविवार ती माझ्यामागे लागली. नवी मोटर बसवली. पोपटी रंग खरवडून काळा दिला. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून ड्रायव्हरच्या जागेवर छप्पर केलं, चिमणी उंच केली, पुढच्या दिव्याला चंदेरी टिकली चिकटवली. बाजूला पांढऱ्या रंगात ‘४’ काढला. एवढ्यावर थांबायचं की नाही? नाही! असल्या छोट्या इंजिनांचे शौकीन त्यांना मुद्दाम मळवतात, म्हणजे ती खरी वाटतात. त्रिवेणीने डिंकाच्या पाण्यात गेरू कालवला आणि बारीक ब्रशाने माझ्या अंगभर गंज चढवला. कपाटाच्या आरशात बघून मीच दचकलो. इतकी वाईट दशा तर माझी मागच्या फळीवरही झाली नव्हती.

दसऱ्याआधीच्या रविवारी तिने मला नामदेवरावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

“बाबा, ओळखा बघू कोण आलंय!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “घेऊन जा हे इथून,” एवढंच म्हणाले आणि चहा तसाच टाकून गॅलरीत गेले. त्रिवेणी फार रडली हो. दसरा झाला की याला दुकानात परत देऊन टाकते, असं तिने आईला सांगितलं. म्हणजे माझं काय? पुन्हा ती फळी!

आणि मग उजाडली खंडेनवमी. ज्या वस्तू वर्षभर आपल्यासाठी राबतात, त्या या दिवशी धुऊनपुसून पूजेला मांडायच्या, अशी या घरची रीत. विळी, कातरी, शिलाई मशीन, त्रिवेणीची स्कूटी, तिचा लॅपटॉपसुद्धा, आणि त्याच रांगेत मीही. तिची आई भाग्यलक्ष्मीबाई एकेक वस्तू पुसत माझ्यापाशी आल्या.

“अगंबाई, काय हा गंज! असं ठेवतात का पूजेत?” म्हणाल्या, आणि ओल्या फडक्याने मला घसाघसा घासायला लागल्या. गेरूचं लाल पाणी परातीत निथळलं.

तेवढ्यात त्रिवेणी आली. “आई! काय केलंस हे? किती खपले होते मी त्याच्यावर!”

“परेशान नको होऊ गं. गंज होता, काढला. त्यात काय एवढं?”

“आण ते इकडे.”

गॅलरीच्या दारात नामदेवराव उभे होते. त्यांनी मला हातात घेतलं, बायकोच्या हातातलं फडकं घेतलं आणि खालीच बसले. “चिमणीच्या मागे राहिलंय,” म्हणाले आणि पुसू लागले. “पोरी, मी चालवत होतो तोवर चार नंबरवर गंजाचा ठिपका दिसला नसता तुला. ड्यूटी संपली तरी पुसल्याशिवाय घरी येत नव्हतो. विचार तुझ्या आईला.”

“नाही तर काय! जेवण गार होऊन जायचं,” भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या.

“पण बाबा, मी पाहिलं होतं ना ते. शेडमागे, गवतात. सगळं गंजलेलं.”

“ते कारखाना बंद पडल्यावर.” नामदेवरावांचा हात थांबला. “गेटला कुलूप होतं. मी रोज बाहेर उभा राहून बघायचो. खिशात फडकं असायचं, पण आत कुणी सोडायचं नाही.”

त्रिवेणी त्यांच्याशेजारी बसली. “मला माहीतच नव्हतं, बाबा.”

“कसं असणार? मी कधी सांगितलंच नाही,” ते म्हणाले, आणि मग सांगतच सुटले. पूजेला उशीर झाला, भाग्यलक्ष्मीबाई कुरकुरल्या आणि शेवटी त्याही ऐकत बसल्या. मला झेंडूचं फूल वाहिलं तेव्हा चांगलीच दुपार झाली होती.

दुकानाचं नाव आता कुणी काढत नाही. नामदेवराव रोज मला पुसतात आणि पुसता पुसता बोलतात. मी रुळांवर धावतो तेव्हा तर त्यांचं तोंड थांबतच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर धूळ साचू देऊ नका, हे तर मी सांगणारच. त्यात माझा स्वार्थ आहे. पण ती वस्तू कधीकाळी कुणाच्या हातात होती, तेही घरात विचारा. आणि ते माणूस गप्प गप्प राहत असेल, तर ती एकदा त्याच्या हातात देऊन बघा, फडक्यासकट.