तापाचा अंदाज

"मॅडम, शेवटी अंदाजच करायचा, तर एवढं शिकलात कशाला?"

मैत्रीण मैनाने पैज लावली होती, म्हणून श्रुतिकाने पोलादपूरच्या भर वर्गात विचारून टाकलं. साजिदा मॅडम मूळच्या महाडच्या, पुण्यात आरोग्याच्या आकड्यांवर संशोधन करणाऱ्या; तालुक्यातल्या तापाची पाहणी करायला आलेल्या. त्या हसल्या. "अंदाज सगळेच करतात गं. आपला किती पक्का हे सांगायला, आणि नवी माहिती आली की तो बदलायला शिकावं लागतं. बेज नावाच्या गणितज्ञाची पद्धत आहे ती. कुडपणची ना तू? उद्या गाव दाखव."

श्रुतिकाला आकड्यांचं भारी वेड. पण बारावीनंतर नर्सिंग, असं मुंबईच्या काकांनी ठरवलेलं. रविवारी ते हो-नाही ऐकायला येणार होते. आणि नाही म्हणायची तिची टाप नव्हती.

कुडपणात चाळीस घरं झाली. पावसाळ्यात ताप आलेली निघाली दोन. खालच्या गावांच्या आकड्यांवरून मॅडमनी धरली होती बारा.

"आमची हवाच तशी हाय," श्रुतिका ऐटीत म्हणाली.

"असेल. पण अंदाज एवढा घसरला की मी प्रश्नावरही संशय घेते."

प्रश्नावर? श्रुतिका तडक शेजारच्या तुळसाकाकीच्या ओटीवर परतली.

"काकी, भातलावणीत काय अंगावर काढलंस का?"

"कणकण व्हती चार दिस. दात वाजत व्हते."

"मग ताप नाय म्हणून का सांगितलंस?"

"अगो, लावणी केली ना मी? आडवी पडले असते तर ताप."

प्रश्न बदलून दोघी पुन्हा घरोघर फिरल्या. दोनाची चौदा झाली.

"मग आधीची दोन खोडू?" श्रुतिकाने विचारलं.

"नाही. कसं विचारलं होतं ते शेजारी लिही. आणि नवा प्रश्न कुणी काढला, तेही."

श्रुतिकाने वहीत स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. बाबा म्हणाले, "काकाला हो सांगतो मग."

"आजारी माणसाची सेवा चांगलीच हाय, बाबा. पण मला नाय जमायची." आईचा हात थांबला, तरी श्रुतिका थांबली नाही. "मी संख्याशास्त्र शिकणार, पुण्याला. काकांना रविवारी मीच सांगेन."