दोन नंबरच्या पंपाची सुई

छाती उघडून माणूस पुन्हा शिवला, की त्याच्यावर जो तो मालकी सांगायला लागतो. सर्जन म्हणतो मी वाचवला. मुलगी म्हणते मी वेळेवर सह्या केल्या. शेजारचे निवृत्त टंकलेखक म्हणतात, मी त्या दिवशी लिफ्ट अडवून धरली होती. मी स्वतः यात काय केलं, असं कुणी विचारत नाही. खरं तर बराच वेळ मी उताणा पडून होतो, आणि तेही काही कमी कष्टाचं काम नाही.

भेटायला येणारे सफरचंदं घेऊन येत आणि सल्ले ठेवून जात. टंकलेखक रोज येऊन आपल्या मेव्हण्याच्या बायपासची हकिकत सांगायचे. मेव्हणा तिसऱ्या दिवशी गेला होता. "पण तुमचं तसं नाही हं," असा दिलासा देऊन ते माझ्याच ताटलीतलं दुसरं सफरचंद उचलायचे.

अतिदक्षता विभागात शुद्धीवर आलो तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो टाकीचा चढ. देव, बायको, मुलगी वगैरे मंडळी नंतर आठवली. खोटं कशाला बोलू. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनात काढली. वस्तीबाहेरच्या चढाच्या माथ्यावर मोठी टाकी, टाकीला फाटक, फाटकाच्या आत आमचं पंपघर. तो चढ मी रोज सकाळी सायकलने चढायचो. न उतरता. फाटकाशी पोचलं की एकदा घंटी वाजवायची, म्हणजे रात्रपाळीवाला डोळे चोळत उठायचा. पुन्हा एकदा त्या फाटकापर्यंत सायकलने जायचं आणि घंटी वाजवायची, एवढंच मला हवं होतं. आत आता सगळं आपोआप चालतं, घंटी ऐकायला कुणी नसतं, हे मला माहीत होतं. त्याने काही फरक पडत नव्हता.

मुलीला पडत होता. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, तेव्हा शिस्त कशाशी खातात हे आम्हाला तिला जन्म दिल्यावर कळलं. मी दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी तिने माझी सायकल जप्त केली नाही, इतकी काही ती निर्दयी नाही. तिने फक्त पान्याने सीट काढली आणि पर्समध्ये घालून घेऊन गेली. पुढचे तीन महिने बिनसीटची सायकल जिन्याखाली उभी होती आणि मी खिडकीत बसून होतो.

तीन महिन्यांनी सर्जनने छातीवरून बोट फिरवलं, हाड छान जुळलंय म्हणाला, आणि सपाट रस्त्यावर अर्धा तास सायकलला परवानगी दिली. चढ मात्र दीड महिन्याने, ट्रेडमिलची तपासणी झाल्यावर. संध्याकाळी मुलगी सीट घेऊन आली. सोबत एक घड्याळ होतं.

"हे मनगटावर राहील," ती म्हणाली. "नाडी किती, पावलं किती, सगळं तुझ्या फोनवरून माझ्या फोनवर दिसतं. एकशे दहा, बाबा. एकदा जरी वर गेली, तरी सीट परत. आणि या वेळी कायमची."

"आणि शिंक आली तर?"

"तीही दिसेल," ती म्हणाली. हसली नाही.

मग मी मैदानाभोवती फिरायला लागलो. गोल. चौसष्टाव्या वर्षी माणसाने किती प्रगती करावी त्याला काही मर्यादा आहे. चौथ्या दिवशी एक आजी काठी टेकत मला मागे टाकून पुढे गेल्या, आणि मागे वळून "सावकाश हं" म्हणाल्या. नाडी ब्याण्णव. मुलगी खूश, सर्जन खूश, आजी खूश. दोन आठवडे मी हे सहन केलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्यातला पंपवाला जागा झाला.

आमच्या पंपघरात प्रत्येक पंपाला एक सुई होती. सुईखाली गोल कागद. कागद चोवीस तासांत एक फेरी घ्यायचा आणि सुई त्यावर दाबाची रेघ ओढत जायची. दुसऱ्या दिवशी तो कागद मुख्य कार्यालयात जायचा आणि तिथले साहेब तो डोळ्यांसमोर धरून पाणीपुरवठा करायचे. आमचा दोन नंबरचा पंप म्हणजे जन्माचा आजारी. तो दुरुस्तीला उघडून ठेवला की कागदावर रेघ कोसळायची, की साहेबांचा फोन, की खुलासा, की चौकशी. म्हणून आम्ही एक साधी गोष्ट करायचो. दोन नंबरच्या सुईची नळी काढून एक नंबरच्या पंपाला जोडायची. पंप उघडा पडलेला असे, आणि रेघ मात्र सरळ, शांत, सुरेख. एकतीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. त्या सुरेख कागदांबद्दल एकदा मला शाबासकीचं पत्रही मिळालं आहे.

मला फक्त एक नंबरचा पंप हवा होता, आणि तो घरातच होता.

माझी बायको अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. अठ्ठावीस वर्षं. पलीकडे माणसं किंचाळत असायची आणि ही भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणायची, "पत्ता सांगा." मी स्वयंपाकघरात कोसळलो तेव्हाही तिने तसाच फोन लावला, आमचाच पत्ता सांगितला, दोनदा, मजल्यासकट. मग गॅस बंद केला. मुलगी दवाखान्यात आल्यावर रडली. बायकोने तिला रुमाल दिला. असल्या बाईची नाडी बहात्तरच्या वर कशाला जाईल?

"अहो, द्या इकडे," मी बेत सांगितल्यावर ती म्हणाली. तिने हसून हात पुढे केला आणि घड्याळ मनगटावर बांधून घेतलं. "मी मटार सोलत बसते. तुमची नाडी किती गुणी आहे ते बघू दे पोरीला."

"फोनही इथेच ठेवावा लागेल. घड्याळ त्याच्याजवळ हवं."

"ठेवा. सहा चाळीसला परत या म्हणजे झालं."

मी सकाळी सहा दहाला निघालो. चढाच्या पायथ्याशी छाती जरा कुरकुरली, पण ती नोकरीत असतानाही कुरकुरायची. अर्ध्यावर एक छोटा पूल आहे. तिथपर्यंत मी न उतरता गेलो. पुलापाशी दम लागला म्हणून उतरलो, कठड्यावर बसलो, आणि वर टाकीकडे बघत राहिलो. फाटक दिसत होतं. आज इतकंच, असं ठरवलं. खूप बरं वाटत होतं. इतकं बरं, की सहा चाळीस कधी झाले आणि कधी गेले ते मला कळलं नाही. घरी पोचलो तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

किल्ली फिरवून आत आलो. बायको खुर्चीत बसून मटार सोलत होती. "आलात?" एवढंच म्हणाली आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. तिच्यासमोर दोन भांडी होती. एकात दाणे आणि सालं, दुसऱ्यातही दाणे आणि सालं.

"वा," मी म्हणालो, "आज सालांची भाजी दिसते."

तिने मान खाली घालून पुढची शेंग सोलली. मला वाटलं, विनोद चांगला झाला.

साडेसातला बेल वाजली. दारात मुलगी, शाळेच्या साडीत, हातात पाना.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "बाबा, एकशे अठरा! आणि पावलं चारशे ऐंशी. मैदानात सायकलवर पावलं कशी पडतात? चढ चढलास. दम लागला, उतरलास, आणि सायकल ढकलत नेलीस. हो की नाही?"

चोर सापडला होता, चोरी मात्र भलत्याच घरची निघाली होती. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि चष्मा लावला. रेघांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. दाबाची रेघ बघून मी सांगायचो, कुठली झडप गळते आणि कुठल्या पाळीचा माणूस झोपला होता. ही रेघ सहा दहापर्यंत बहात्तरवर होती. दार लागल्यावर पंच्याऐंशी. तिथे ती तीस मिनिटं कशीबशी टिकली. सहा चाळीसपासून वर, एकही पायरी खाली न उतरता वर. सात वाजता एकशे अठरा. आणि सात पाचला, माझी किल्ली फिरली त्या मिनिटाला, ती सरळ खाली कोसळली.

पावलंही मोजली. आमच्या खिडकीपासून दारापर्यंत बारा पावलं आहेत. चारशे ऐंशी म्हणजे चाळीस खेपा. पंचवीस मिनिटांत.

मी बायकोकडे पाहिलं. ती भांड्यातली सालं एकेक करून निवडत होती. मला लाज वाटली. ऑपरेशनच्या टेबलावर उघडा पडलो होतो तेव्हाही वाटली नव्हती एवढी.

"बोल ना," मुलगी म्हणाली.

एक वाक्य बोललो असतो तर सीट वाचली असती. नाडी माझी नाही, आईची आहे, मी साधा ठणठणीत माणूस. पण तेवढ्यासाठी तिची चाळीस खेपांची रेघ मुलीपुढे टाकायची? अठ्ठावीस वर्षं जिने कुणापुढे आवाज थरथरू दिला नाही, तिची?

"माझीच आहे," मी म्हणालो. "चढलो चढ. ढकलत नेली. काढ सीट."

मुलगी वळली. जिन्याकडे निघाली.

"त्यांची नाही," बायको म्हणाली. पत्ता सांगावा तशा आवाजात. "माझी आहे. घड्याळ माझ्या हातात होतं."

मुलगी दारातच थांबली. बायकोने सालं बाजूला सारली.

"अठ्ठावीस वर्षं फोन घेतले मी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आग लागली की निदान फोन तरी यायचा. कुठे, काय, किती माणसं, सगळं कळायचं. तुम्ही गेलात की काहीच येत नाही हो. तुमचा फोनसुद्धा इथे टेबलावर पडलेला."

"मग घेतलंस कशाला घड्याळ मागून?" मी विचारलं.

"तीन महिने खिडकीत बसलेले बघितले तुम्हाला," ती म्हणाली. "तेही बघवत नव्हतं."

मुख्याध्यापिका बाई पाना हातात घेऊन खुर्चीत बसल्या आणि रडल्या. या वेळी तिला रुमाल मी दिला. मग तिने पाना आईपुढे ठेवला. बायकोने तो उचलून मटारच्या सालांबरोबर कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. माझा चांगला पाना होता तो. मी नंतर काढून धुऊन ठेवला.

महिन्याभराने ट्रेडमिलची तपासणी झाली. सर्जन म्हणाला, चढ चढा, एकशे वीसपर्यंत हरकत नाही. मुलीने दुसरं घड्याळ आणलं. आता माझ्या मनगटावर एक आणि बायकोच्या मनगटावर एक. माझा आकडा तिच्या फोनवर दिसतो, तिचा माझ्या फोनवर, आणि माझा फोन हँडलला अडकवलेला. मुलीने स्वतःला यातून मुक्त केलं. दोन नाड्या सांभाळायला ती काही नर्स नाही, असं म्हणाली.

पहिल्या सकाळी मी निघालो. वाटेत टंकलेखक भेटले आणि मेव्हण्याला सायकलचा फार नाद होता म्हणाले. पायथ्याशी माझी नाडी नव्वद, बायकोची शहात्तर. पूल आला. या वेळी उतरलो नाही. माझी एकशे चार, तिची नव्वद. पुलाच्या वर चढ खरा सुरू होतो. पाय भरून आले, पण छाती गप्प होती. चांगली शिवली होती, सर्जनचं काम चोख. वळण घेतलं आणि समोर फाटक. कुणीतरी त्याला निळा रंग दिला होता, अगदी ताजा. फार तर शंभर पावलं उरली होती.

हँडलवर तिचा आकडा एकशे दोन होता. मग एकशे पाच. माझी एकशे दहा. मला अजून दहाची मुभा होती.

तिला सगळं माहीत होतं. सर्जन काय म्हणाला ते माझ्या शेजारी बसून तिने ऐकलं होतं. निघताना तिनेच माझी पाण्याची बाटली भरली होती. पण तिला इथला रस्ता दिसत नव्हता, हे फाटक दिसत नव्हतं. तिला फक्त वर चाललेला एक आकडा दिसत होता. एकशे नऊ. एकशे बारा.

मी चढाला शिव्या घातल्या. घड्याळाला घातल्या, ते शोधून काढणाऱ्याच्या खानदानाला घातल्या. आणि सायकल वळवली.

उताराला पेडल मारावं लागत नाही. माझा आकडा उतरायला लागला, एकशे दोन, पंच्याण्णव. जरा वेळाने तिचाही. एकशे सात, नव्व्याण्णव. पुलापाशी माझी अठ्ठ्याऐंशी आणि तिची एक्क्याण्णव. दोन्ही पंप एकाच नळीवर असले की असंच होतं.

घंटी मी आमच्या इमारतीखाली वाजवली. चौथ्या मजल्यावर खिडकी उघडली आणि तिने डोकं बाहेर काढलं.

"पोचलात फाटकापर्यंत?"

"त्याला निळा रंग दिलाय," मी म्हणालो.

ती हसली. हँडलवर बहात्तर होतं.