बरणीत ठेवलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. खाली पांढरी, वर तपकिरी, आणि अंगावर एक तरी चरा असला तर दाखवा. कसबा बावड्यातल्या बयाबाईंच्या घरची वर्षाची चटणी मी सांभाळते. चटणी म्हणजे आमची कोल्हापूरची, कांदा-लसणाची, लालभडक. मध्यंतरी प्लास्टिकचे डबे आले आणि मला माळ्यावर टाकलं. पावसाळ्यात त्या डब्यांतल्या चटणीला बुरशी आली, तेव्हा मला मुकाट्यानं खाली काढलं.  

भट्टीत माझ्या बरोबरीच्या कितीतरी तडकल्या, मी टिकले. बाजारात बयाबाईंनी मला टिचकी मारून बघितली आणि म्हणाल्या, "हिचा आवाज खणखणीत हाय, हीच द्या." तेव्हापासून आमचं जमलं. दोघींचं तोंड घट्ट, आणि आत तिखट.

दर उन्हाळ्यात डंकावरून, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवरून, चटणी कुटून आणली की ती माझ्यात भरायचं काम त्यांच्या सुनेचं, वर्षाराणीचं. ती दाबून भरायची, वर हिंगाचा खडा ठेवायची आणि माझ्या तोंडाला दादरा, म्हणजे पांढरं फडकं, करकचून बांधायची. तिच्या हाताला वळण होतं. ते मी कुणालाही सांगेन.

मागच्या वर्षी ती आणि बयाबाईंचा लेक धैर्यशील कोर्टातून वेगळे झाले. मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं. पटत नव्हतं, एवढंच. त्यांची संयोगिता दुसरीत. ती आठवडाभर आईबरोबर आजोळी, आणि शनिवार-रविवार इथं. रविवारी संध्याकाळी वर्षाराणी तिला न्यायला यायची आणि फाटकाबाहेर उभी राहायची. आत ये, असं कुणी म्हणायचं नाही. बयाबाईंनी बजावलं होतं, "तिचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय." आणि आजोळी बापाचं नाव निघालं की तिकडचे आजोबा ताटावरून उठायचे. हे मला कसं कळलं? संयोगितानंच सांगितलं.

यंदा मला धुऊन गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. संयोगिता आली. तिनं इकडेतिकडे बघितलं, माझ्या तोंडापाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली, "आई." मी तो शब्द घुमवून तिला परत दिला. ती हसली. मग पुन्हा म्हणाली. मग दोन्ही घरांतलं सगळंच सांगत बसली.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बोरामबाई कपडे वाळत घालत होत्या. बाई कोरियाच्या, कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर. कोबीला तिखट फासून आंबवतात आणि त्याला किमची म्हणतात. त्यावर मी काही बोलत नाही. त्यांनी सगळं ऐकलं. मला उचलून खाली आणलं आणि त्या बयाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"आजी, मी लहान होती तेव्हा आई-बाबा वेगळे झाले. माझ्या आजीनं फोटोतून आईला कात्रीनं कापलं. शाळेत सांगायला लावलं, आई परदेशात आहे. तेव्हा आमच्याकडे घटस्फोट म्हणजे लाज."

"मग आता काय सण करत्यात व्हय?"

"सण नाही. पण पूर्वीएवढं लपवत नाहीत. माझ्या भावाचा घटस्फोट झाला. त्याची मुलगी शाळेत दोन घरांचं चित्र काढते. रडते कधी कधी, पण बोलून रडते. मी बोलत नव्हती. अजून आईला फोन लावला की पहिला शब्द अडकतो."

"पावणं, तुमचा कोबी तुम्ही बघा. आमचं घर आम्ही बघतो की."

बोरामबाई जिना चढून गेल्या. बयाबाईंनी स्वतःच्या हातानं माझ्यात चटणी भरली आणि दादरा आवळला. आता संयोगिताला बोलायला मीही उरले नाही.

रविवारी संध्याकाळी फाटकाबाहेर वर्षाराणीची गाडी थांबली. संयोगिता स्वयंपाकघरात एकटीच होती. ती स्टुलावर चढली, दादरा ओढून काढला आणि मनगटापर्यंत हात माझ्यात घातला. शाळेच्या डब्यात ती चटणी कोंबू लागली.

"आगं ए चोरटे! कुनासाठी चाललंय?" बयाबाई दारात उभ्या होत्या.

पोरीनं तोंड उघडलं. उत्तर एकाच शब्दाचं होतं आणि तोच शब्द काढायचा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते त्याच हातानं पुसलं.

मित्रांनो, साधा काटा टोचला तरी लेकरू "आई गं" म्हणून ओरडतं. ह्या पोरीच्या डोळ्यांत तिखट गेलं, ती थरथरली, पाय आपटू लागली, पण तिनं ओठ दातांखाली दाबून धरले. ओठातून रक्त आलं, शब्द आला नाही.

बयाबाई जागच्या जागी थिजल्या. "म्हन की गं," त्या म्हणाल्या. "आई म्हन! वरड!" पोरीनं मान हलवली. नाही.

मग वर्षभर त्या घरात न निघालेलं नाव बयाबाईंनी गल्ली हादरेल अशा आवाजात काढलं. "वर्षे! आत ये! लौकर ये गं!"

वर्षाराणी चपलांसकट धावत आली. लेकीला मोरीत नेऊन डोळ्यांवर पाणी मारत राहिली. आवाजानं धैर्यशील आला आणि दारातच थबकला. "बघतोस काय? थंड दूध आन!" बयाबाई खेकसल्या. त्यानं आणलं, वर्षाराणीनं त्यात भिजवलेली फडक्याची घडी डोळ्यांवर ठेवली. तेव्हा कुठे पोर मोठ्यानं रडली. "आई, तुला ही चटणी आवडती म्हणून..." चटणीनं भरलेल्या माझ्या पोटापर्यंत तो आवाज पोचला.

 मग बयाबाईंनी तो डबा उचलून बघितला. "एवढ्यानं काय व्हतंय? मोठा डबा काढ. आनि वर्षे, पुढच्या खेपंला चपला भाईर काढून ये."

ते दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत. येणारही नाहीत. पण रविवारी फाटक उघडं असतं, आणि आजोळच्या फडताळातही माझ्यातलीच चटणी असते.

मित्रांनो, मला ओला हात लावू नका, कोरडा चमचा वापरा, तोंडाला दादरा घट्ट बांधा. बरणीला ते शोभतं, लेकराला नाही. तुमची घरं दोन असतील, तर दोन्हीकडे दोघांची नावं मोठ्यानं घ्या. आणि मनातलं माझ्यासारखीच्या पोटात सांगत बसू नका, माणसाला सांगा. बरणी हाक नुसती परत देते. धावत येत नाही.