हळदीची रेघ

चुन्याचा दुसरा हात वाळायच्या आतच भिंतीवर पुन्हा लाल रेघ उमटली. लखमाने कुंचला बादलीत टाकला आणि यात आपला काही दोष नाही अशा चेहऱ्याने गोदामाच्या मालकाकडे, नानाजींकडे पाहिलं. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे कोणाला ठाऊक नाही? पण गोदामाच्या भिंतीला कोणी हळद लावून ठेवली असेल, हे बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

कोपऱ्यात सांडलेलं सोयाबीन गोळा करणाऱ्या कस्तुराबाईच्या हातातला झाडू थांबला. हळद तिची होती.

दोन पावसाळ्यांमागे मागचा नाला भर दुपारी गोदामात शिरला, तेव्हा तिचा मुलगा हरीओम आत होता. तोच इथला चौकीदार. पाण्याच्या रेट्याने दार उघडेना, म्हणून तो पोत्यांच्या थप्पीवर चढून बसला, आणि कस्तुराबाई रस्त्यावर उभी राहून त्याच्या नावाने हाका मारत राहिली. हरीओमच्या छातीएवढं चढून पाणी थांबलं. जिथं थांबलं, तिथं तिने हळदीची रेघ ओढली. तिची भीती काही गेली नाही, पण भीतीला निदान एक जागा मिळाली. दर अमावास्येला ती रेघ ताजी करायची आणि पाण्याला विनवायची, की बाबा, याच्या वर येऊ नको.

मालेगावातलं हे गोदाम भाड्याने घेतलेली तेलाची कंपनी मुंबईची, शेअर बाजारात नाव असलेली. अशा मोठ्या कंपन्यांना आता पुराचा, उन्हाचा, दुष्काळाचा धोका आपल्याला कुठे कुठे आहे, ते जाहीर करावं लागतं. त्यासाठी कंपनीने नेमलेल्या योगिनी मॅडम पुण्याहून गोदाम बघायला येणार होत्या. दिवाळी ना दसरा, नानाजींना भिंती पांढऱ्या करायची हौस आली होती ती यामुळे.

नानाजी तिच्यावर रागावले नाहीत. कंपनी गेली तर एवढं गोदाम घेणारा दुसरा मिळायचा नाही, हमाल घरी बसतील, हरीओमही बसेल, असं त्यांनी तिला हळू आवाजात समजावलं.

“मॅडमनं इचारलं तं देवीची जागा हाय म्हणून सांगजो,” ते म्हणाले. “पान्याचं नाव काढू नोको.”

हरीओमनेही तिला बाजूला घेऊन तेच सांगितलं. त्याची बायको राखी पोटुशी होती, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. कस्तुराबाईने मान हलवली. खोटं ती याआधीही बोलली होती, सासूशी, शेजारणीशी, सगळेच बोलतात. हे खोटं मात्र पाण्याबद्दल होतं, आणि पाणी ऐकत असतं असं तिला वाटायचं.

मॅडम दुपारी आल्या. त्यांनी छप्पर पाहिलं, दार पाहिलं, मागच्या नाल्याचं विचारलं. नाला कसला, नुसता चर, शेळ्या उड्या मारून जातात, असं नानाजी म्हणाले. मग मॅडमची नजर रेघेवर गेली. देवीचं नाव ऐकताच त्यांनी चपला काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि मनोभावे हात जोडले.

तिथं कस्तुराबाईचा धीर सुटला. मॅडमनी दरडावून विचारलं असतं, तर ती बिनदिक्कत थाप मारून मोकळी झाली असती.

“कोणती देवी, मावशी?” मॅडमनी विचारलं.

हरीओम दारात उभा होता आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तिला तो पुन्हा पाण्याच्या पलीकडे असल्यासारखा दिसला.

“देवी नाय, मॅडम,” ती म्हणाली. “पानी इतलं आलतं. माहा पोरगा तवा थप्पीवर व्हता.”

मॅडम रेघेपाशी उभ्या राहिल्या. ती त्यांच्या गळ्यापर्यंत आली. मला हे लिहावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही माफी मागावी तशा आवाजात.

पावसाळ्याआधी कंपनीने सगळा माल हलवला. कस्तुराबाई नानाजींच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी पाय मागे घेतले. ती नळावर आली की हमालांच्या बायका बोलायच्या थांबत. हरीओम पुण्याला कामाला गेला, त्या दिवशी राखी जेवली नाही.

“लेकराचं तोंड पाह्याच्या आंधीच बापाले घरातून काढलं तुमी,” ती सासूला म्हणाली.

कस्तुराबाईने ऐकून घेतलं. तिला वाईट वाटतच होतं, पण आता पोरगा त्या भिंतीखाली झोपत नाही म्हणून मोकळंही वाटत होतं. हे सांगायचं तरी कोणाला?

एका संध्याकाळी हरीओमचा फोन आला. उंच बिल्डिंगवर चौकीदारी मिळाली होती, पगार बरा होता.

“बसतं कुठीसा तू?” तिने विचारलं. “वरतं का खालतं?”

“खालतं, माय. तळघरात. गाड्या राह्यतात ना तिथं. झोपाची खोली बी तिथंच हाय.”

ती उंबऱ्यावर बसली.

“तिथं पानी कुठवर चढलं व्हतं, इचारलं का कोनाले?”

हरीओम हसला. “कोनाले इचारू? इथं कोनी कोनाले काही सांगत नाय. अन् भिंती तं आत्ताच रंगवल्या हायेत.”

फोन बंद झाला. मालेगावात अजून थेंब नव्हता, पण हरीओमच्या आवाजामागे पावसाचा आवाज तिने ऐकला होता. तिने उठून वाटीत हळद कालवली. वाटी घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. हळद ओली होती आणि लावायला भिंत नव्हती.