पाटीवरचं माझं नाव

मी वैशाखऱ्याची धर्मशाळा. बोलायची सवय नाही मला, आजवर ऐकतच आले. पण आता डोकं फिरलंय.

नाणेघाट चढणारे बैलांचे तांडे इथे थांबायचे, तेव्हा मुरबाडच्या एका विधवा बाईनं मला बांधलं. काळा दगड, चुना, सागाचे खांब, ओळीनं ओवऱ्या, प्रत्येकीला दार. थकलेल्याला पाठ टेकता यावी म्हणून ओवरीतली भिंत खाली जरा तिरकी ठेवली. माणसाच्या पाठीचा एवढा विचार नंतर कुणी केला नाही.

मोटारी आल्या, मुक्काम संपले. लोकांनी माझ्यात पेंढा भरला, निवडणुकीचे झेंडे भरले. शेवटच्या ओवरीत बाईजा राहायला आली. नवरा गेला, घर पडलं, तिला दुसरं छप्पर नाही. दर उन्हाळ्यात कौलं तीच शाकारते, जमीन तीच सारवते. मी उभी आहे ती तिच्यामुळे.

आता अचानक मी 'वारसा' झाले! गावातल्या हरेशनं माझा ठेका घेतला. आधी दगडावर सिमेंट थापलं, मग सिमेंटवर दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स चिकटवल्या. काय बोलायचं?

काल तो बाईजाला म्हणाला, "आजे, गाठोडं उचल. शनवारी पाव्हणे येनार हायत. फुकट ऱ्हायाला ही काय धर्मशाळा हाय?"

बाईजानं तंबाखू थुंकली. "मंग काय हाय रे? तुज्या सासऱ्याचा बंगला?"

गवंडी खो खो हसले. हरेशची नवी वहिनी, योगिनी, बाईजाला भाकर घेऊन आली होती. एरवी मान वर न करणारी. तिनं दारावरची ताजी पाटी मोठ्यानं वाचली, "'धर्मशाळा हेरिटेज स्टे'. पयलाच शब्द हाय, भावजी."

मला वाटलं, आता तरी लाजेल. छे! त्यानं ब्रश उचलला आणि 'धर्मशाळा' तेवढं रंगानं पुसून टाकलं.

"झालं? आता नाय धर्मशाळा. ऊठ."

एका म्हातारीला कोपरा द्यावा लागू नये म्हणून माझं नावच खोडलं मेल्यानं!

बाईजा उठली, ओवरीत गेली आणि आतून कडी लावून बसली. ती पाण्याला बाहेर पडली की दाराला घालायला हरेशनं कुलूप आणलं. घालणार कशात? माझ्या दारांना बाहेरून कडीच नाही. आलेल्या माणसाला कुणी बाहेर ठेवू नये, म्हणून मुद्दाम नाही.

शनिवारच्या पाहुण्यांनो, या. बाकीच्या ओवऱ्या मोकळ्या आहेत. हिच्यात माणूस राहतंय. दार वाजवू नका.