चौथ्या खुर्चीचा मास्तर

मित्रांनो, जुना म्हणून मला हसू नका. माझा पडदा लहान आहे, पाठीला कुबड आहे आणि सुरू होताना मी म्हाताऱ्या माणसासारखा खाकरतो, हे सगळं खरं. पण मी, या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरने, एका बाईंना ब्रिज शिकवलं आहे. तुमच्या खिशातल्या चकचकीत फोनने आजवर कुणाला काय शिकवलं ते त्याला विचारा, आणि मग माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे भाग जुळवले. शेवटच्या बाईने मला सुरू करून पाहिलं, 'गुणी आहे हा' असं शेजारणीला सांगितलं आणि माझ्या पाठीवर एक गोल कागद चिकटवला. त्यावरची अक्षरं आता उडाली आहेत, पण ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला मुलीच्या अभ्यासासाठी घरी आणलं. सगळी गल्ली त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. जेवणाच्या खोलीत खिडकीशेजारी मला जागा मिळाली. मुलीने माझ्यावर निबंध लिहिले, अर्ज लिहिले आणि आईची पाठ वळली की मोटारींच्या शर्यतीही खेळल्या. शेजारपाजारचे लोक मला बघायला यायचे. काकूंनी माझ्यासाठी स्वतः फुलाफुलांचं झाकण शिवलं होतं. मग मुलगी परिचारिका झाली, दुसऱ्या गावी नोकरीला गेली आणि ते झाकण निघेनासं झालं. माझ्या डोक्यावर आधी फुलदाणी आली, नंतर इस्त्रीचे कपडे आले. मला फार वाईट वाटायचं.

झाकणाचं कापड मात्र विरळ होतं आणि माझं तोंड जेवणाच्या टेबलाकडे. त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी त्या टेबलावर रंगणारं ब्रिज मला दिसायचं. काका, दातांचे डॉक्टर, वकील आणि एक फोटोवाले असे चौघं जमत. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समोरासमोर बसलेले दोघं भिडू असतात. प्रत्येकाला तेरा पानं मिळतात. आपण किती हात करू हे आधी बोली लावून जाहीर करायचं आणि मग तेवढे करून दाखवायचे. ज्या जोडीची बोली ठरते, तिच्यातला एक जण खेळतो. दुसरा आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. डमीला करण्यासारखं काहीच नसतं, तरी चहाला त्या टेबलावरून कधी कुणी उठलं नाही. काकू होत्या ना! त्या ट्रे घेऊन दारात यायच्या, डाव संपेपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या आणि रिकामे कप घेऊन आत जायच्या.

एका गुरुवारी काका ब्रिज शिकवणाऱ्या प्रोग्रामची तबकडी घेऊन आले.

"अगं, शीक ना तू," ते म्हणाले. "मग डॉक्टरांना सुट्टी देऊ आणि आपण दोघं भिडू होऊ."

"आणि चहा कोण करेल?" काकू म्हणाल्या.

सगळे हसले. काकूही हसल्या. तबकडी वेष्टनासकट माझ्या खालच्या खणात गेली.

पुढे काका आजारी पडले आणि गेले. बऱ्याच दिवसांनी एका गुरुवारी तिघं मित्र आले. पत्ते कुणीच काढले नाहीत. वकील घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, माझे साडू चौथे म्हणून यायला तयार आहेत. तेव्हा आता माझ्याकडेच जमावं म्हणतो. तुम्हाला उगाच त्रास नको."

काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला. "चौथी मी बसते."

"कुठे?" फोटोवाल्यांना खरंच कळलं नव्हतं.

"यांच्या खुर्चीत."

"येतं का तुम्हाला?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"येईल. उन्हाळा संपेपर्यंत थांबा."

ते गेल्यावर काकूंनी मुलीला फोन लावला. "गुरुवारसुद्धा गेला तर या घरात आवाज कुणाचा उरणार गं?" त्या म्हणाल्या. माणसांशिवाय घर कसं वाटतं हे मला कुणी सांगायला नको होतं. झाकणाखाली मी ते पुरेपूर अनुभवलं होतं.

मुलगी रजा काढून आली. तिने माझ्यावरचे कपडे उचलले, झाकण काढलं आणि माझं बटण दाबलं. मी खाकरलो, अडखळलो, पण उठलो.

"आई, याचे सुटे भागसुद्धा मिळत नाहीत आता. नवा घेऊया," मुलगी म्हणाली.

"आधी हा काय म्हणतो ते बघू," असं म्हणून काकूंनी तबकडीचं वेष्टन नखाने फाडलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी मास्तर झालो! माझी विद्यार्थिनी सोपी नव्हती बरं का. पहिले काही दिवस माऊस टेबलावरून खाली पडायचा आणि काकू त्यालाच रागवायच्या. चूक झाली की मी 'टुक' असा आवाज करायचो आणि पडद्यावर 'पुन्हा विचार करा' अशी अक्षरं दाखवायचो. "करतेय, करतेय. जरा श्वास घेऊ देशील?" असं त्या मला सुनवायच्या. एकदा तर भाजी चिरायची सुरी माझ्यासमोर नाचवून म्हणाल्या, "टुक केलंस तर बघ!" मी केलं. मास्तराने घाबरून कसं चालेल? प्रत्येक डावाच्या सुरुवातीला मी एकच वाक्य दाखवायचो, 'आधी मोजा, मग खेळा'. काकू ते मोठ्याने वाचायच्या आणि बोटांवर हात मोजायच्या. हळूहळू टुक कमी झालं. मी शाबासकीची तुतारी वाजवली की त्या आजूबाजूला बघून स्वतःशीच हसायच्या. त्या हसण्यासाठी मी दिवसभर सुरू राहायला तयार होतो.

उन्हाळा संपला आणि काकू काकांच्या खुर्चीत बसल्या. समोर डॉक्टर, दोन्ही बाजूंना वकील आणि फोटोवाले. मी बंद होतो. पाहुण्यांसमोर माझी घरघर नको म्हणून त्यांनीच मला बंद केलं होतं.

इथे एक घोटाळा झाला. माझ्या पडद्यावर पानं आपोआप रंगवार लागायची. आधी इस्पिक, मग बदाम, मग चौकट आणि शेवटी किलवर. काकूंनी तेरा खरी पानं एका हातात अशी कधी धरलीच नव्हती. त्यांनी ती माझ्यासारखीच लावली, म्हणजे दोन्ही लाल रंग शेजारी शेजारी. वकिलांनी बदाम खेळलं, तेव्हा काकूंना आपल्याकडे बदाम दिसेना. त्यांनी एक किलवर उचललं आणि टाकण्याआधी क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्या माझ्या टुकची वाट बघत होत्या, मित्रांनो! माझ्या पडद्यावर चुकीचं पान पडतच नाही. पण बंद असलेला मी काय बोलणार? आवाज आला नाही, म्हणजे बरोबर असणार असं समजून त्यांनी पान टाकलं.

डाव संपत आला तेव्हा त्यांच्या चौकटच्या पानांमागून एक बदाम निघालं.

"वहिनी, हे कुठून उगवलं?" वकील म्हणाले. हातात रंग असताना तो न टाकणं ही ब्रिजमधली मोठी चूक. तिचा दंड म्हणून जिंकलेले हात गेले आणि काकूंची मान खाली गेली. वकील पानं गोळा करत म्हणाले, "पोहणं पुस्तकात शिकता येत नाही आणि पत्ते या खोक्यात. पुढच्या गुरुवारी साडूंना बोलावतो."

खोकं! मला! माझी तार तापली असती, पण ती भिंतीतून काढलेली होती.

"साडूंना त्याच्या पुढच्या गुरुवारी बोलवा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "येत्या गुरुवारी माझी भिडू ठरलेली आहे."

दुसऱ्या दिवशी काकू माझ्यासमोर बसल्या खऱ्या, पण बटण दाबेनात. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्या उठल्या आणि काकांच्या कपाटातून त्यांचा पत्त्यांचा जोड घेऊन आल्या. मला सुरू केलं. पडद्यावर जी तेरा पानं आली, तीच त्यांनी जोडातून शोधून हातात धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अरे, आमच्या दुकानात सारख्या दिसणाऱ्या चष्म्याच्या काचा कधी शेजारी ठेवायचो नाही," त्या मला म्हणाल्या. "मध्ये निराळी डबी असायची. मग तू दोन लाल शेजारी का ठेवतोस?"

 मला तसंच शिकवलेलं होतं. काकूंनी पानं पुन्हा लावली. काळा, लाल, काळा, लाल. मग आठवडाभर आम्ही तसेच खेळलो. पानं त्यांच्या हातात आणि डाव माझ्या पडद्यावर. त्यांनी मला आवाज बंद करायला लावला. चूक झाली की आता त्या स्वतःच म्हणायच्या, "टुक." मास्तराला आणखी काय हवं असतं?

गुरुवार आला. त्या संध्याकाळी काकूंनी माझं झाकण काढून ठेवलं, पण मला सुरू केलं नाही. खेळ बरोबरीत चालला होता. शेवटच्या डावात काकूंची बोली ठरली. कुठलाच रंग हुकूम नाही आणि हात करायचे नऊ. डॉक्टर डमी झाले. त्यांनी पानं मांडली. फुटकळ पानांबरोबर किलवरची सहा पानं होती, वर एक्का आणि राजा.

काकूंची बोटं टेबलाखाली हलली. पक्के हात आपल्याकडे चार, समोरचा एक्का आणि राजा धरून सहा. तीन कमी. ते तीन फक्त डॉक्टरांच्या बारीक किलवरांतून निघणार होते, आणि त्या पानांपर्यंत पोचायला दुसरी वाट नव्हती. काकूंकडे किलवरची दोनच बारीक पानं होती. किलवरचा एक हात वकिलांच्या जोडीला द्यावाच लागणार होता; एक्का आणि राजा त्याआधीच खर्चून टाकले, की पुन्हा तिकडे जायचा रस्ता बंद. हा धडा मी त्यांच्याकडून इतक्या वेळा करून घेतला होता, की त्यांनी एकदा माझी तारच उपटली होती.

त्यांनी किलवर खेळलं आणि समोरून एक्का नाही, राजा नाही, दुर्री मागितली.

"वहिनी, एक्का दिसत नाहीये का?" वकिलांनी खुशीत हात उचलला.

 काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, एकदाही नाही. माझा ऊर भरून आला.

वकिलांनी दुसरा रंग काढला. काकूंनी तो अडवला, उरलेलं किलवर खेळलं आणि आता एक्का घेतला. वकील खुर्चीत जरा सावरून बसले. मग सवयीने म्हणाले, "वहिनी, चहा होऊन जाऊ दे की."

"डाव चालू आहे, वकीलसाहेब," काकू पानांवरची नजर न काढता म्हणाल्या. "ज्याची पानं उघडी, त्याचे हात मोकळे."

 मग डॉक्टर खुर्ची मागे सारून उठले आणि आत गेले. भांडी वाजली, काहीतरी खाली पडलं.

"वहिनी, साखर कुठेय?"

"डाव्या फडताळात, वरच्या खणात. मला अर्धाच चमचा," असं म्हणून काकूंनी समोरच्या पानांतला किलवरचा राजा स्वतःच पुढे ओढला. सगळ्यांची किलवरं संपली. डॉक्टरांची उरलेली तीन बारीक पानं एकामागून एक राजासारखी चालली, आणि काकूंचे नऊ हात झाले.

वकिलांनी आपल्या ढिगातली ती दुर्री उलटून पाहिली. मग त्यांनी हात जोडले. "साडूंना सांगतो, जागा भरली म्हणून."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काकांचा जोड छातीशी धरला आणि म्हणाल्या, "पिसा आता, वकीलसाहेब. नवा खेळ, तुमची पाळी."

मित्रांनो, त्यानंतर मुलीने घरात एक नवा, सडपातळ कॉम्प्युटर आणला. काकू त्याच्यावर तिच्याशी बोलतात, तिचं तोंड बघतात. फुलाफुलांचं झाकण आता त्याच्यावर असतं. माझं तोंड मात्र त्या रोज पुसतात. दुपारी माझ्यासमोर आता फोटोवाल्यांची बायको बसते. तिलाही शिकायचं आहे. ती माझ्यावर खेकसते आणि काकू मागे उभ्या राहून म्हणतात, "त्याचं ऐक. गुरुजी आहेत ते माझे."

माझं मागणं फार मोठं नाही. कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी जुनं यंत्र असेल, तर फेकण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि तुमचा खेळ रंगात आलेला असताना दारात कुणी ट्रे घेऊन उभं असेल, तर त्याला खुर्ची द्या. चहा तुम्ही करा. साखर कुठे आहे ते विचारलंत तरी चालेल.